पांढरी दोनच्या खाली

धारवण्यात सकाळी उठल्यावर माणूस आधी देवाकडे बघत नाही, भिंतीवरच्या दिव्याकडे बघतो. दिवा हिरवा दिसला की म्हणायचं, "झोपलाय अजून," आणि चुलीकडे वळायचं. झोपलेला म्हणजे भैरीचा डोंगर. गावाच्या एकेचाळीस घरांच्या पाठीशी तो असा उभा आहे, की सकाळचं ऊन गावाला मिळतं दहा वाजता.

दोन वर्षांपूर्वी सरकारने या डोंगराच्या अंगात खोल भोकं पाडून काचेच्या तंतूची केबल सोडली. ही केबल ऐकते. आत दगड सरकला, पाण्याने वाट बदलली, की तिला कळतं. 'भूकान' तिचं नाव. ऐकलेल्याचा अर्थ लावायला तिच्यामागे एक शिकणारी यंत्रणा बसवली आहे आणि ती रोज नवं शिकते, असं सरकार मोठ्या कौतुकाने सांगतं. तिने शिकून काढलेला निष्कर्ष म्हणजे भिंतीवरचा तो दिवा.

भूकानच्या आधी डोंगरात साधे कंपनमापक होते आणि त्यांच्या नोंदी घेणारा एक लिनक्स सर्व्हर जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या खोलीत बसवलेला होता. नियम असा, की जुना सर्व्हर नव्या यंत्रणेच्या जोडीने तीस दिवस न थांबता चालायचा, दोघांच्या नोंदी जुळायच्या, आणि मगच जुन्याला कायमचं बंद करायचं. जिल्ह्यातल्या दोनशे सात गावांत हे रीतसर पार पडलं. धारवण्यात मात्र कधी वीज गेली, कधी उंदराने वायर कुरतडली, आणि तीस दिवस काही भरले नाहीत. आता तर नऊ दिवस झाले, सर्व्हर रोज पडत होता. रोज पडायचा, रोज आपोआप उठायचा, आणि दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू.

लिनक्सच्या काळ्या पडद्यावर बोटांनी बोलणारी माणसं २०४७ सालात जिल्ह्यात दोनच उरली होती. त्यातलं एक आजारी होतं. दुसऱ्या म्हणजे अठ्ठावन्न वर्षांच्या वैजयंती कुरणे. मंगळवारी सकाळी त्या धारवण्यात उतरल्या त्याच कुरकुरत.

"ज्याला पुरायचंय त्याला आधी ठणठणीत करायचं! काय डोकं म्हणायचं हे!"

"या मॅडम," म्हणत धोंडिराम साळेकरांनी एक्स्चेंजचं कुलूप काढलं. टेलिफोनच्या तारा ओढण्यात त्यांची हयात गेली होती, आणि निवृत्तीनंतर गेली आठ वर्षं ते या खोलीची राखण करत होते. वैजयंतीबाईंनी सर्व्हरचं झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला. आतल्या पंख्यावर लालभडक पूड बसली होती.

"हे कुंकू कुणी उधळलं?"

"उधळलं नाय, लावलं. खंडेनवमीला. तोही राबतोच की वर्षभर."

"राबणाऱ्याच्या नाकात कोंबतात का कुंकू?"

धोंडिरामभाऊ ओशाळले. बाईंनी ब्रशने सगळं झाडून काढलं, वीज देणारा डबा बदलला, मेमरी तपासली, प्रत्येक वायर ओढून बघितली. कुंकू पोटात जाऊनही म्हातारा खणखणीत होता. दुपारी तीनला दहा कमी असताना, बाई समोर बसलेल्या असताना, तो पडला. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची रांग उमटली आणि गोठली.

"याला कर्नेल पॅनिक म्हणतात," बाई म्हणाल्या. "कर्नेल म्हणजे याचा गाभा. काय करावं ते गाभ्याला सुचेनासं झालं की तो सगळा कारभार थांबवतो. चुकीचं काही करण्यापेक्षा मेलेलं बरं, असा त्याचा हिशेब."

"माणसांत असलं कोण दिसत नाय," भाऊ म्हणाले.

बाईंनी लॉग उघडला. लॉग म्हणजे यंत्राची रोजनिशी. दर वेळी मरण्याआधीची शेवटची ओळ एकच होती: डिस्क उत्तर देत नाही. पहिल्या दिवशी तो चार वाजून दहा मिनिटांनी पडला होता, दुसऱ्या दिवशी चारला, मग पावणेचारला. वेळ रोज थोडी थोडी अलीकडे सरकत होती. बाईंनी सोबत आणलेली त्याच बनावटीची दुसरी डिस्क चढवली, यंत्र परत चालू केलं आणि वीस मिनिटांनी ते पुन्हा तसंच पडलं. दोन वेगळ्या डिस्कना एकच दुखणं होत नसतं.

मुक्काम धोंडिरामभाऊंकडे होता. घरात गडबड होती, कारण मुलगी बाळंतपण आटोपून तालुक्याहून आली होती आणि गुरुवारी बारसं होतं. बाळ मात्र सारखं रडत होतं.

"इथं आणल्यापासून असंच," भाऊंच्या बायको इंदूवहिनी भाकरी थापताना म्हणाल्या. "नदीपल्याड आत्याकडे नेलं की गप. परत आणलं की सुरू. दृष्ट काढली, तरी तेच."

एवढं बोलून वहिनी पुन्हा भाकरीकडे वळल्या आणि गुणगुणू लागल्या. गाणं नव्हतं ते. एकच सूर, लांब, खालचा, तोंड मिटून. बाहेर शेजारी कौलं शाकारत होता, त्याच्या गळ्यातूनही तोच सूर निघत होता. हात धुवायला पडवीत गेलेल्या बाईंना पाणी भरून जाणारी एक पोरगी दिसली, तीही तेच गुणगुणत होती. बाईंना ते आवडलं नाही. का, ते त्यांना सांगता आलं नसतं.

कोपऱ्यात चादरीखाली बाजाची पेटी होती. वरची धूळ बघून बाईंनी सहज विचारलं, "वाजवत नाही वाटतं?"

बस्स, भाऊंच्या दुखऱ्या नसेवर बोट पडलं. तीस वर्षं दर गुरुवारी गावात भजन व्हायचं. भाऊ पेटीवर, त्यांचे जिवलग मित्र रामजी धनावडे पखवाजावर. गेल्या दिवाळीपासून मंडळी पेटीच्या सुरात लागेनाशी झाली. सगळे मिळून खाली उतरायचे.

"सगळे म्हणजे झाडून सगळे, मॅडम! एकटा बेसूर झाला तर समजू शकतो. रामजी म्हणाला, तुझी पेटी चढलीय. मी तालुक्याहून पेटीवाला आणून सूर तपासून घेतले. पेटी बरोबर. मी म्हणालो, तुमचे गळे म्हातारे झाले. त्यावरून जुंपली. तीन महिने तो माझ्याशी बोलत नाय, नि माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवत नाय. भजन आता पेटीशिवाय होतं, मी लांब बसून नुसतं ऐकतो."

"किती खाली उतरतात?"

"लिहून ठेवलंय की." भाऊंनी भजनाची वही आणली. त्यांना सवय होती, दर गुरुवारी तारीख घालून त्या दिवशीची पट्टी लिहायची, म्हणजे कुठल्या पट्टीत गायलं ते. दिवाळीला काळी तीन. संक्रांतीला पांढरी चार. शिवरात्रीला पांढरी तीन. पाडव्याला काळी दोन. त्यानंतर दोन आठवड्यांनी पांढरी दोन. गेल्या गुरुवारच्या पानावर त्यांनी रागाने लिहिलं होतं: 'पांढरी दोनच्याही खाली. पेटीत असा सूर नाही.'

म्हणजे दर नोंदीला पेटीवरची एकेक पट्टी खाली, बाईंनी बोटांवर मोजलं. जेवण झालं तरी वही त्यांच्या मांडीवरच होती.

बुधवारी सकाळी त्यांनी भाऊंना पेटी घेऊन एक्स्चेंजमध्ये बोलावलं. पडद्यावर डिस्क किती अडखळते ते दाखवणारा एक आलेख लावला होता.

"या जुन्या डिस्कमध्ये एक तबकडी गरगर फिरते आणि तिच्यावर केसाएवढ्या अंतराने एक सुई तरंगते. आजकालच्या यंत्रांत हलणारं काही नसतंच. नोकरीच्या पहिल्या वर्षी शेजारच्या जनरेटरच्या थरथरीने डिस्क अडखळताना मी पाहिलीय. प्रत्येक बनावटीच्या डिस्कचा एक नावडता सूर असतो. तुम्ही खर्जातून एकेक सूर धरा."

भाऊंनी भाता हलवला. काळी तीनला आलेख सपाट, पांढरी चारलाही सपाट. काळी दोनला जरा हलला. पांढरी दोनला उडाला, काळी एकला पुन्हा खाली आला.

"मधला द्या," बाई म्हणाल्या.

"मधला नसतो ना पेटीत!"

बाईंनी मोबाईलवर सूर काढायचं ॲप उघडलं आणि पांढरी दोनवरून हळूहळू खाली यायला लागल्या. एका ठिकाणी आलेख कड्यासारखा उभा वर गेला, पडदा गोठला आणि सर्व्हर पडला. सकाळचे अकरा वाजले होते. आजवर तो असल्या वेळी कधीच पडला नव्हता.

"सापडलास, गुलामा!" बाईंनी टाळी वाजवली. नऊ दिवसांचं दुखणं हातात आलं होतं आणि त्यांचा चेहरा वीस वर्षांनी तरुण झाला होता. त्यांनी मोबाईल बंद केला, भाऊंना पेटीवरून हात उचलायला सांगितलं आणि यंत्र परत चालू केलं.

आलेख सपाट व्हायला हवा होता. तो झाला नाही. बारीक, एकसारखा थरथरत राहिला.

"कोण वाजवतंय?" बाईंनी विचारलं.

"कोण नाय."

खोलीत खरंच कुणी नव्हतं. बाहेर कुत्रं नाही, वारा नाही. दोघं आलेखाकडे बघत बसले. बऱ्याच वेळाने भाऊ अगदी हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, एक सांगू? तुम्ही गुणगुणताय."

बाईंनी ओठ मिटले. ओठ मिटलेलेच होते. सूर त्यांच्या छातीत होता, वहिनींच्या भाकरीबरोबरचा, कौलं शाकारणाऱ्याचा, तोच. एका रात्रीच्या मुक्कामात त्यांनाही लागला होता. त्यांना इतकी भीती वाटली की त्या उठून दारात गेल्या आणि दारातून त्यांना फक्त डोंगर दिसला.

"भाऊ, पखवाजाचा सूर खाली केव्हा उतरतो?"

"वादी सैल झाली की." भाऊंनीही डोंगराकडे बघितलं. मग त्यांचा हात आपोआप पेटीवर जाऊन टेकला. "अरे देवा."

डोंगराचा एक मोठा कडा अंगापासून सुटत चालला होता. घट्ट होता तोवर त्याचा सूर चढा होता, जितका सुटला तितका उतरला. माणसांच्या कानांना तो जाणवत नव्हता, पण अंगात भिनला होता आणि सगळं गाव नकळत त्याच्याशी सूर मिळवून बसलं होतं. दुपारी कड्यावर ऊन चढलं की तो जोरात थरथरायचा. घसरत घसरत सूर डिस्कच्या नावडत्या जागेशी आला, तेव्हापासून सर्व्हर पडायला लागला. बाईंनी वहीतल्या तारखा मोजल्या. पहिली पट्टी उतरायला दहा आठवडे लागले होते, मग सहा, मग चार, मग दोन, आणि आता एकच. पुढचा आकडा दिवसांत येणार होता.

त्यांनी तहसीलदार ईश्वरी खांबे यांना फोन लावला. ईश्वरीबाई तरुण होत्या आणि ऐकून घेणाऱ्या होत्या. त्यांनी लगेच भूकानच्या केंद्राकडून माहिती मागवली आणि अर्ध्या तासाने परत फोन केला.

"तो आवाज भूकानला माहीत आहे, मॅडम. दिवाळीपासून ऐकतंय ते. पण रोज कालच्यासारखाच होता, म्हणून त्याने शिकून घेतलं आणि 'गावचा नेहमीचा आवाज' म्हणून वगळून टाकलं. वगळलेलं साठवतही नाहीत. दिवा हिरवा आहे."

"दिवा हिरवाच असणार! त्याला सवय झालीय. गावाला झाली तशीच. सवय झाली नाही ती फक्त तीन जणांना. पेटीला, या मेल्या सर्व्हरला, नि बारा दिवसांच्या पोरीला."

"मला पटतंय. पण भर उन्हाळ्यात, पाऊस नसताना, भजनाच्या वहीवरून एकेचाळीस घरं खाली करायचा आदेश माझ्या हातात नाही. शुक्रवारी समिती पाठवते."

"शुक्रवारी कुणासाठी?" असं विचारून वैजयंतीबाईंनी फोन ठेवला आणि त्या चक्क रडल्या. धोंडिरामभाऊंनी त्यांना तांब्याभर पाणी दिलं.

"मॅडम, आदेश कशाला हवाय? उद्या माझ्या नातीचं बारसं हाय. ते नदीपल्याड माझ्या बहिणीच्या वाडीत करू. नि आख्ख्या गावाला चूलबंद आवतण देतो."

चूलबंद आवतण म्हणजे घरातलं पोरटोर, म्हातारंकोतारं, झाडून सगळ्यांनी जेवायला यायचं, त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. हे आमंत्रण मोडत नसतात. मोडलं तर पिढ्यान् पिढ्या बोलणं राहतं. भाऊ संध्याकाळपर्यंत घरोघर फिरले. डोंगराचं खरं कारणही सांगत होते. काहींनी मान डोलावली, बऱ्याच जणांनी भिंतीवरच्या हिरव्या दिव्याकडे बोट दाखवलं, पण आवतण सगळ्यांनी घेतलं. स्वतःचं धरून चाळीस घरं झाली. एक राहिलं.

रामजी धनावडे ओटीवर पखवाजाला पीठ लावत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"रामजी, उद्या चूलबंद हाय."

"माझी चूल पेटणार."

"डोंगर येतोय खाली."

"दिवा हिरवा हाय. तुझी पेटी सांगते का डोंगर येतोय म्हणून? कायम तुझीच पेटी खरी, नि गाव खोटं."

वैजयंतीबाई अंगणात उभ्या होत्या. आता भाऊ वही काढतील, तारखा दाखवतील, असं त्यांना वाटलं. सगळा पुरावा काखेत होता. भाऊंनी वही काखेतच ठेवली आणि ते ओटीच्या पायरीवर, मित्राच्या पायापाशी बसले.

"तुझं खरं होतं रामजी. पेटी चढलेली होती माझी. मीच अडेलतट्टूपणा केला. चुकलो. उद्या पखवाजाला तू नसलास तर पाळणा कसा म्हणायचा?"

रामजींनी पीठ लावणं थांबवलं. मग म्हणाले, "एवढं कबूल करायला तीन महिने लागतात व्हय रे?" आणि आत बघून ओरडले, "उद्या चूल नको गं!"

गुरुवारी सकाळी गाव निघालं. गुरं सोडली, म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून नेलं. पाळण्याच्या टेम्पोत भाऊंनी सर्व्हरही चढवला.

"याचं काय काम?" बाईंनी विचारलं.

"चूलबंद म्हणजे सगळ्यांना. त्याने काय पाप केलंय?"

नदीपलीकडच्या वाडीत, आत्याबाईंच्या पडवीत बाईंनी सर्व्हर जोडला. आलेख सपाट होता, अगदी रेघ मारल्यासारखा. दुपारी अडीचच्या सुमारास बायकांनी पाळणा सुरू केला. दोन्ही वाड्यांच्या मिळून शंभरेक जणी होत्या. धारवण्याच्या बायका सवयीने खालच्या सुरात लागल्या, आत्याच्या वाडीतल्या पेटीच्या सुरात, आणि त्या दोन सुरांची रस्सीखेच ऐकून रामजींनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यांनी मित्राकडे बघितलं. मग पेटीकडे बघितलं. त्यांच्या काहीतरी लक्षात येत होतं. बाळ शांत झोपलं होतं.

चौथ्या कडव्याच्या मध्यावर धारवण्याच्या बायका थांबल्या.

एकीने दुसरीला खुणावलं नव्हतं. ओळ अर्धी सोडून सगळ्या एकाच क्षणी थांबल्या. पुरुषही बोलता बोलता थांबले. रामजींचा हात पखवाजावर अधांतरी राहिला. आत्याच्या वाडीतल्या बायका दोन ओळी तशाच पुढे गेल्या आणि गोंधळून गप्प झाल्या. वीज गेल्यावर पंखा बंद होतो आणि तेव्हा कळतं की इतका वेळ पंखा चालू होता, तसं काहीतरी धारवण्याच्या माणसांच्या अंगातून गेलं होतं.

"बंद झालं," इंदूवहिनी म्हणाल्या. काय बंद झालं, ते त्यांना माहीत नव्हतं.

मग जमीन हलली. आवाज नंतर आला. भैरीच्या डोंगराचा पश्चिमेचा कडा उभाच्या उभा खाली बसला आणि एकेचाळीस घरांच्या जागी लाल धुळीचा एक ढग आभाळात चढला. कुणीतरी हंबरडा फोडला. रामजींनी धोंडिरामभाऊंचं मनगट गच्च धरलं होतं आणि ते म्हणत होते, "खोटं बोललास माझ्याशी. खोटं बोललास रे!" भाऊ नुसते रडत होते.

बाईंनी मोबाईलवर भूकान उघडलं. धारवणे: डोंगर शांत. दिवा अकरा मिनिटांनी लाल झाला.

ईश्वरी खांबे पाचला पोचल्या. त्या पडवीत बसल्या, समोरच्या ढिगाऱ्याकडे बघत. हजेरी घेऊन झाली होती, माणूस एकही कमी नव्हता.

"शुक्रवारी," त्या एवढंच म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "बाकीच्या गावांत जुने सर्व्हर नाहीत, मॅडम. ते नीट चालले, म्हणून बंद केले."

"भजनी मंडळं आहेत ना? प्रत्येक गावाला एकच प्रश्न पाठवा. गेल्या वर्षी कुठल्या पट्टीत गात होता, आणि आता कुठल्या पट्टीत गाता?"

तहसीलदारांनी निरोप पाठवला. तासाभरात उत्तरं यायला लागली, आणि त्या एकेक वाचून दाखवू लागल्या. काही गावांत काहीच फरक नव्हता. एका गावाने लिहिलं होतं, एक पट्टी खाली आलो, पेटी जुनी झाली असावी. दुसऱ्याने लिहिलं, दोन पट्ट्या, गळे बसलेत. तिसऱ्या गावाने पेटीच विकून टाकली होती. वाचता वाचता ईश्वरीबाई मधेच थांबायच्या, पुढचा निरोप उघडायच्या, आणि तो उघडेपर्यंत तोंड मिटून काहीतरी गुणगुणायच्या.

वैजयंतीबाईंनी ते दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा त्यांनी धोंडिरामभाऊंकडे बघितलं. भाऊंनी पेटी पुढे ओढली, पांढरी दोन दाबली, मग तिच्या खालची काळी एक. दोन्ही जुळले नाहीत. तहसीलदारांचा सूर त्यांच्या मधे होता.

सर्व्हरचा पंखा एकसारखा फिरत होता. वैजयंतीबाईंनी जपून, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ईश्वरीबाई, तुम्ही राहता कुठे?"